चाळीस पानं भांडलेला माणूस

पान चाळीसनंतर एकदम पान त्रेचाळीस आलं.

रेकॉर्डबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला आणि पानं मागे उलटली. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. त्रेचाळीस.

“मामा, जरा इकडे या.”

शिपाईमामा शिडीवर होते. न्यायालयाच्या फायलींचे बस्ते सोडण्या-बांधण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. “आलो,” ते वरूनच म्हणाले. “पण घाई केलीत तर खाली पडेन, आणि मग माझाच बस्ता बांधावा लागेल.”

“पंचवीस वर्षांपूर्वीचा घटस्फोटाचा दावा. दोन पानं नाहीत.”

मामांचा विनोद तिथेच विरला. रेकॉर्डमधून पान जाणं म्हणजे घरातून माणूस जाण्यासारखं होतं. कधी गेलं, कुणाबरोबर गेलं, शेवटचं कुणी पाहिलं, सगळ्याची उत्तरं द्यावी लागत.

खिडकीपलीकडच्या बाकावर अर्जदार बसली होती. तिशीची बाई. पायाशी प्रवासाची पिशवी. सकाळी दार उघडायच्या आधीपासून ती तिथे होती. अर्जात तिनं लिहिलं होतं: आईवडिलांच्या घटस्फोटाच्या निकालाची आणि संपूर्ण फाईलची नक्कल हवी. आजच.

“आजच कशाला?” बाईंनी तेव्हा विचारलं होतं. “नक्कल मिळायला आठवडा लागतो.”

“दोनची बस आहे,” ती म्हणाली होती. “पकडायची की नाही, ते या फाईलवर आहे.”

मग तिनं सांगितलं होतं. गेल्या गुरुवारी एका इस्पितळातून नर्सचा फोन आला. दुसऱ्या गावी, सहा तासांवर. तुमचे वडील आहेत, तुमचं नाव घेतात. तिनं फोन ठेवून दिला. काल पुन्हा फोन आला. डॉक्टर म्हणतात, एखाददुसरा दिवस.

“मी पाच वर्षांची असताना त्या माणसानं कोर्टात लिहून दिलं, मुलगी नको. आई सांगते. त्यानंतर एक पत्र नाही, काही नाही. कुठेतरी पुस्तकबांधणीचं, खळपुठ्ठ्याचं दुकान काढून बसला म्हणे.” तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. “मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. खरंच तसं लिहिलं असेल तर मी जाणार नाही. मेलेल्या माणसाला माफ करता येतं, मरणाऱ्याला नाही जमत मला.”

बाईंनी नियम मोडला नव्हता, जरा वाकवला होता. दावा आईवडिलांचा, मुलीचं वय अठरा पूर्ण, ओळखपत्र बरोबर. नक्कल नंतर मिळेल, तपासणी आज करता येते. म्हणून बस्ता खाली आला होता.

आता बाईंनी तिला आत बोलावलं.

“पिशवी बाहेर. पेन असेल तर मामांकडे द्या. इथे फक्त पेन्सिल.”

ती बसली. बाईंनी तिच्यासमोर फाईल ठेवली, पण हात फाईलवरच राहू दिला.

“दोन पानं गहाळ आहेत. आधी सांगून ठेवते.”

“कुठली?”

“एक्केचाळीस आणि बेचाळीस. अनुक्रमणिकेत नुसतं ‘निवेदन, दोन पाने’ एवढंच आहे. कुणाचं ते लिहिलेलं नाही.”

“त्याचंच असणार,” ती म्हणाली. “आणि हे पुढचं?”

पान त्रेचाळीसवर एकच ओळ होती, वडिलांच्या सहीची. ‘मुलीच्या ताब्याबाबत माझी काहीही मागणी नाही.’

ती ओळ तिनं दोनदा वाचली. मग हसली. ते हसू बघवत नव्हतं.

“म्हणजे आई खरंच सांगत होती.” ती उठली. “थँक्यू मॅडम. माझं काम झालं. मुलीला शाळेतून आणायला नवऱ्याला सांगितलंय, आता मीच जाते.”

“बसा,” रेकॉर्डबाई म्हणाल्या.

“कशाला?”

“शेवटचं पान आधी वाचायची सवय वाईट. मागचं वाचा.”

ती उभ्याउभ्याच वाचू लागली. पान नऊ, वडिलांचा ताब्याचा अर्ज. पान सतरा, पुन्हा अर्ज. पान सव्वीस, प्रतिज्ञापत्र. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘मुलीला दूध गाळून लागते. साय दिसल्यास ती दूध पीत नाही, आणि रडतही नाही, नुसती पेला धरून बसते. हे मला माहीत आहे, ते न्यायालयाने विचारात घ्यावे.’

ती हळूच खाली बसली.

“अजूनही मी गाळूनच पिते,” ती म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही.

“आता मला सांगा,” बाई म्हणाल्या. “चाळीस पानं भांडणारा माणूस त्रेचाळिसाव्या पानावर एका ओळीत का थांबतो?”

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते.

* * *

तपासणीची नोंदवही कधीच खोटं बोलत नाही. ज्यानं फाईल पाहिली त्याची तारीख, सही आणि नातं त्यात असतं. या दाव्यासमोर पंचवीस वर्षांत तीनच नोंदी होत्या.

पहिली, एकोणीस वर्षांपूर्वीची. आईच्या बाजूचे वकील.

दुसरी, बारा वर्षांपूर्वीची. वडील.

तिसरी, गेल्या शुक्रवारची. आई.

“शुक्रवारी?” मुलीचा आवाज चढला. “आई इथे आली होती?”

शुक्रवारी बाई डोळे तपासायला गेल्या होत्या. त्यांनी मामांकडे पाहिलं.

“आली होती एक बाई,” मामा म्हणाले. “छत्री होती हातात. दहा मिनिटं बसली, पानं उलटली आणि डोळे पुसत गेली. इथे येऊन कोण हसतं? मी म्हटलं, नेहमीचंच.”

“काही नेलं?”

“छत्रीसुद्धा बाहेर ठेवून घेतली होती मी. समोरच बसलो होतो, बाई. देवाशपथ, डुलकी लागली नव्हती.”

“मी विचारलं का डुलकीचं?”

“नाही. पण विचारणार होतात.”

मुलीनं फोन काढला. “मी आत्ता बोलावते तिला. तिनंच फाडली असणार. गुरुवारी मी तिला फोनचं सांगितलं आणि शुक्रवारी ती इथे हजर.”

“बोलवा,” बाई म्हणाल्या. “पण फाडली म्हणू नका.”

त्यांनी फाईल खिडकीच्या उजेडात नेली. चाळीस आणि त्रेचाळीसच्या मध्ये, शिवणीत, कागदाची एक अरुंद पट्टी होती. बोटभर रुंद. कडा सरळ, जणू फूटपट्टी लावून कापलेल्या. दोरा तिच्यातूनही गेला होता. खळ सुकून तपकिरी झाली होती.

मग त्यांनी त्याच बस्त्यातली शेजारची फाईल काढली. ती हातात घेताच तिचे तुकडे टेबलावर सांडले. पानांवर मोठे पिवळे डाग होते.

“हे काय झालंय, मामा?”

“पाईप, बाई. पंधरा वर्षांपूर्वी वरचा पाईप फुटला होता. तुम्ही तेव्हा इथे नव्हता. या रांगेतले सगळे बस्ते भिजले. आठ दिवस आम्ही कोर्टात कागद वाळत घालत होतो. न्यायाधीशसाहेब म्हणाले, इथे न्याय मिळतो की पापड?”

रेकॉर्डबाई हसल्या नाहीत. त्यांनी पहिली फाईल पुन्हा उघडली. तिच्यावरही डाग होते, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर. पण इथे पानं सुटली नव्हती. फाटलेल्या कडांना पातळ कागद डकवलेला होता, इतका नीट की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हतं. सगळ्या बस्त्यात ही एकच फाईल धडधाकट होती.

“हिला कुणी शिवलं?”

मामांनी डोकं खाजवलं. “असेल कुणीतरी. आधीच्या रेकॉर्डसाहेबांचा काळ…” ते थांबले. “थांबा. एक माणूस आला होता. दोन दिवस बसला होता त्या कोपऱ्यात. साहेबांना म्हणाला, कागद कुजतायत, मी नीट करून देतो, काही नको मला. साहेबांना काय, फुकटात काम. वाटीत खळ घेऊन बसायचा. हात असा हलका, बाई, की कागदाला कळायचंही नाही.”

“साहेबांनी परवानगी दिली?”

“लेखी नाही.”

“अर्थात,” रेकॉर्डबाई म्हणाल्या.

त्या मग फाईलच्या तळाशी गेल्या. तिथे रोजनामा होता. प्रत्येक तारखेला न्यायालयात काय घडलं त्याची दोन-चार ओळींची नोंद. अक्षर असं की मुंगी शाईत पडून चालत गेली असावी. नकला मागणारे लोक तो वाचत नाहीत. वकीलही टाळतात. बाईंनी एका तारखेवर पेन्सिल टेकवली, भिंग काढलं आणि ती नोंद दोनदा वाचली.

मुलीनं विचारलं, “काय आहे?”

“तुमचा वाढदिवस कधी असतो?”

तिनं तारीख सांगितली. बाईंनी नोंदवहीतल्या दुसऱ्या नोंदीची तारीख पाहिली आणि वही मिटली.

* * *

आई अर्ध्या तासात आली. बारीक, नीटनेटकी बाई. छत्री तिनं न सांगताच बाहेर ठेवली.

“कोर्टात कशाला बोलावलंस मला?” ती मुलीला म्हणाली. “फोनवर सांगता आलं नसतं?”

“तू का आली होतीस शुक्रवारी?”

आईनं टेबलावरच्या फाईलकडे पाहिलं.

“मी विचारते,” रेकॉर्डबाई मध्ये पडल्या. “बसा, काकू. शुक्रवारी तुम्ही फाईल पाहिलीत?”

“हो.”

“काय शोधत होतात?”

“काही नाही. सहज.”

“पंचवीस वर्षांनी सहज?”

आईनं पदर सारखा केला.

“एक्केचाळीस आणि बेचाळीस. बरोबर?”

“मी नाही नेली ती पानं!” आई एकदम म्हणाली. “नेली असती. खोटं कशाला बोलू, नेण्यासाठीच आले होते. पण ती नव्हतीच.”

“मग रडलात का?”

“सुटले म्हणून,” आई म्हणाली. आणि मग, “सुटले नाही म्हणून.”

मुलगी उठून उभी राहिली. “काय चाललंय? कुणीतरी मला सरळ सांगेल का? पावणेबारा झालेत.”

रेकॉर्डबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढचं बोलणं त्यांना नको होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या संसारांचे कागद सांभाळले होते, वाचून दाखवले नव्हते.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “पानं तुमच्या आईनं नेली नाहीत. ती पट्टी बघा. खळ जुनी आहे, शुक्रवारची नाही. वकिलांनीही नेली नाहीत. ते आले एकोणीस वर्षांपूर्वी, पाईप तर त्यानंतर चार वर्षांनी फुटला. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर पाण्याचा डाग आहे, पट्टीवर नाही. म्हणजे पट्टी पाईप फुटल्यावर लागली. पाईप आणि शुक्रवार यांच्यामध्ये या फाईलला एकाच माणसानं हात लावलाय.”

“बाबांनी,” मुलगी म्हणाली. मघापासून ‘तो माणूस’ म्हणत होती, आता ‘बाबा’ म्हणाली, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

“चोर पान फाडतो. हे फाडलेलं नाही. शिवलेल्या फाईलमधून पान ओढलं तर शिवण ढिली पडते, पुढची पानं गळायला लागतात. हे ज्याला माहीत आहे तोच जागेवर पट्टी घालून पुन्हा शिवतो. पुस्तकं बांधणारा माणूस. चोरी करतानासुद्धा त्याला फाईल मोडलेली बघवली नाही.”

मामा पुटपुटले, “खळीची वाटी.”

“पण का?” मुलगी म्हणाली. “स्वतःचंच निवेदन चोरायला? लाज वाटली म्हणून?”

“ते आले तुमच्या अठराव्या वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी. अठरा पूर्ण झाल्यावर तुम्हाला ही फाईल स्वतःच्या सहीनं मागता येणार होती. त्याआधी ती पानं इथून जायला हवी होती.” बाईंनी श्वास घेतला. “निवेदन त्यांचं नव्हतं.”

“मग कुणाचं?”

रेकॉर्डबाईंनी रोजनामा तिच्याकडे वळवला नाही. स्वतःच वाचला, हळू.

“‘मुलीस दालनात बोलावून विचारपूस केली. तिचे निवेदन दोन पानांत नोंदवले व उभयतांस वाचून दाखवले. अर्जदार वडिलांनी ताब्याचा अर्ज मागे घेतला. मुलीस याबाबत पुन्हा कधीही विचारू नये, अशी त्यांची विनंती. विनंती मान्य.’”



“मी?” मुलगी म्हणाली. “मी काय सांगितलं?”

रेकॉर्डबाईंनी आईकडे पाहिलं. “ते आता इथे एकाच माणसाला माहीत आहे.”

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“बाबा मारतात. बाबांची भीती वाटते. बाबा नकोत.” ती एका सुरात म्हणाली, पाठ केलेलं म्हणावं तसं. “मी शिकवलं होतं. पंधरा दिवस, रोज झोपताना. त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं गं तुला. वकील म्हणाले होते, मुलगी त्यांना मिळेल. तुला ते केस विंचरून द्यायचे, गोष्ट सांगायचे, तू त्यांच्याशिवाय जेवायची नाहीस. मी घाबरले. माझ्याकडे तुझ्याशिवाय काय होतं?”

“आणि त्यांनी ऐकलं?”

“समोरच उभे होते. वाचून संपलं, आणि म्हणाले, तिला पुन्हा हे म्हणायला लावू नका. बस. तिथेच एका कागदावर ती ओळ लिहून दिली.”

“आणि तू मला सांगितलंस, त्यांनी लिहून दिलं, मुलगी नको.”

“लिहून तर दिलंच होतं,” आई म्हणाली, आणि आपलंच वाक्य ऐकून तिनं तोंडावर हात दाबला.

मुलगी टेबलाची कड धरून उभी होती. “मला आठवत नाही. आई, मला काहीच आठवत नाही. मी दालनात गेले ते नाही, साहेब नाहीत, काही नाही.”

“बाहेर आल्यावर मी तुला लाल बूट घेतले. छान बोललीस म्हणून.”

ती हळूहळू खाली बसली.

“बूट आठवतात,” ती म्हणाली. “बक्कलचे. मी ते घालून झोपायचे.”

मग ती रडली. इतक्या वेळात पहिल्यांदा. मामा शिडीकडे वळले आणि एक बस्ता उगीचच वर-खाली करू लागले.

रेकॉर्डबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. असं त्या कुणाच्याच शेजारी बसत नसत.

“तुमची मुलगी केवढी आहे?”

“पाच.”

“काल तिनं काय सांगितलं तुम्हाला?”

“काल?” तिनं नाक पुसलं. “शेजारच्या मांजरानं डबा खाल्ला म्हणे. झाकण लावून ठेवलं म्हणे परत.”

“मग? पोरीला तुरुंगात टाकलंत का?”

ती रडता रडता हसली, आणि मग आणखी रडली.

“बघा,” रेकॉर्डबाई म्हणाल्या. “पाच वर्षांच्या तोंडून निघालेलं कुणी खरं धरतं का? तुमच्या वडिलांनीही धरलं नव्हतं. त्यांना फक्त एवढंच वाटलं, की मोठी झाल्यावर तुम्ही धराल. तुम्ही हे वाचून स्वतःला दोष देण्यापेक्षा त्यांना दोष द्यावा, हे त्यांनी पत्करलं. त्यासाठी चोर झाले. मीही आज सांगितलं नसतं. पण त्यांनी लपवलं, म्हणूनच तुम्ही बस सोडणार होतात.”

घड्याळात साडेबारा झाले होते. मुलगी उठली. मामांनी न सांगता तिची पिशवी आणून दिली.

“मी येऊ?” आईनं विचारलं.

मुलगी दारात थांबली. पाठमोरीच.

“आज नको,” ती म्हणाली. “शाळा साडेतीनला सुटते. यांना उशीर होईल. तू आण तिला.” मग मान वळवून म्हणाली, “आणि तिला काही शिकवू नकोस.”

* * *

गहाळ पानांचा अहवाल त्याच दिवशी द्यावा लागतो. रेकॉर्डबाईंनी दिला. पानं कुठली, कधी गेली, कुणी नेली, खरं ते सगळं लिहिलं, आधीच्या साहेबांची तोंडी परवानगीही. कारणाच्या रकान्यात त्यांनी दोनदा लिहून दोनदा खोडलं. शेवटी ‘रोजनामा पाहावा’ असं लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी, कचेरी उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती, फोन वाजला.

“मॅडम, मी बोलतेय.”

“पोचलात?”

“आठ वाजता पोचले. शुद्धीवर होते.” तिनं नाक ओढलं. “आज सकाळी गेले.”

रेकॉर्डबाईंनी डोळे मिटले. “बोललात?”

“थोडंसंच. मला ओळखलं. पहिलाच प्रश्न काय विचारला माहितीये? म्हणाले, कोर्टात जाऊन फाईल बघितलीस का?”

“मग? तुम्ही काय सांगितलंत?”

“मी म्हटलं, कुठली फाईल, बाबा?”

पलीकडे ती रडत होती की हसत होती, ते कळलं नाही.

“केवढे निवांत झाले, मॅडम. मग म्हणाले, मग आलीस कशाला? मी म्हटलं, उगीच. तुमची आठवण आली म्हणून.”